वर्गणीदार गेले, मग पैसे देतं कोण?

प्रश्न असा आला आहे: आमच्या संस्थेचं इतिहास आणि मराठी भाषेला वाहिलेलं संशोधन त्रैमासिक चाळीस वर्षांहून अधिक काळ नागपुरातून निघतं. वर्गणीदार दोनशेच्या खाली आलेत, प्रत्येक अंक तोट्यात जातो. कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक म्हणतो, अंक ऑनलाइन करा आणि लेखकांकडून लेखामागे दोन हजार रुपये घ्या, सगळेच घेतात. दुसरा म्हणतो, छापील अंक गेला की त्रैमासिक संपलं. डिजिटलमध्ये मोठे प्रकाशक कमावतात तरी कसे, आणि आम्ही काय करावं?

मॅडम, त्या दोन हजारांच्या प्रस्तावावर अजून सही करू नका. कारण सांगतो, पण जरा मागून यावं लागेल. मी सव्वीस वर्षं नागपूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि त्यातली सोळा वर्षं एका संशोधन त्रैमासिकाचा व्यवस्थापकीय संपादक. एका हातानं जर्नलं विकत घेत होतो आणि दुसऱ्या हातानं एक जर्नल विकत होतो. घेताना रडलो, विकतानाही रडलो.

पहिली गोष्ट, तुमचं त्रैमासिक वर्गणीवर कधीच चाललेलं नाही. जुन्या हिशेबाच्या वह्या काढून बघा. आमच्याकडे 1980 च्या दशकात आजीव वर्गणी 251 रुपये होती. ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत जायची, ठेवीवर दहा-अकरा टक्के व्याज मिळायचं आणि त्या व्याजात अंकाचा कागद सुटायचा. हेच आमचं बिझनेस मॉडेल, फक्त त्याला असं नाव असतं हे कुणाला माहीत नव्हतं. पुढे व्याज सहा-सात टक्क्यांवर आलं, कागद कुठच्या कुठे गेला आणि आजीव सभासद मात्र, देव त्यांना शतायुषी करो, आजीवच राहिले. अंक निघाला की रविवारी आम्ही महालातल्या एका वाड्यात सतरंजी टाकून पत्ते चिकटवायचो. पंधरा दिवसांनी परत आलेल्या प्रतींचा गठ्ठा पोस्टमन आणून द्यायचा. त्यावर शेरे असायचे: ‘पत्ता अपूर्ण’, ‘घर बंद’, ‘इसम मयत’. मयतांची नावं यादीतून खोडायला मला दोन-दोन अंक लागायचे. हात धजायचा नाही.

संपादकाचं हे दुखणं आजचं नाही. 1665 साली रॉयल सोसायटीच्या हेन्री ओल्डेनबर्गनं लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, तेव्हा त्यातून चार पैसे सुटतील अशी त्याची आशा होती. फारसे सुटले नाहीत. विद्वत्तेच्या नियतकालिकातून मोठा पैसा निघू शकतो हे जगाला कळलं दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यातलं ठळक नाव रॉबर्ट मॅक्सवेल. त्याची प्रकाशनसंस्था पर्गमॉन प्रेस 1991 मध्ये एल्सेव्हियर या बड्या डच प्रकाशकानं घेतली.

या धंद्याची गंमत बघा. संशोधन करतो तो पगारी प्राध्यापक, पगार बहुतेक वेळा सरकारचा. लेखाचं मानधन त्याला मिळत नाही. लेख तपासणारे परीक्षकही फुकट काम करतात. आणि तयार अंक विकत घ्यायचा त्याच प्राध्यापकाच्या ग्रंथालयानं. कापूस शेतकऱ्याचा, सूत त्यानंच कातायचं, आणि कापड दुकानातून लागेल त्या भावानं त्यालाच आणायचं! बरं, ग्राहकाला दुसरं दुकान नाही. एका जर्नलमधला लेख दुसऱ्यात मिळत नसतो, त्यामुळे एक महाग झालं म्हणून दुसरं घेतलं, असं करता येत नाही. 2013 साली जगात निघालेल्या शोधनिबंधांपैकी निम्म्याहून अधिक पाच मोठ्या प्रकाशकांच्या हातात होते, असं कॅनडातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. एल्सेव्हियरच्या वैज्ञानिक विभागाचा नफा उलाढालीच्या एक तृतीयांशाहून जास्त असतो. असा नफा इतवारीच्या बाजारात कुणी सांगितला तर लोक आधी आयकरवाल्यांना फोन करतील.

इंटरनेट आलं तेव्हा आम्हा ग्रंथपालांना वाटलं, छपाई गेली, टपाल गेलं, आता भाव उतरणार. झालं उलटंच. 1996 च्या सुमारास ‘बिग डील’ आलं. एकेक जर्नल निवडू नका, आमचा सगळा गठ्ठा घ्या, मिळून एक रक्कम द्या. केबलवाल्याच्या पॅकेजसारखं, हवी असलेली पाच चॅनेलं आणि नको असलेली दीडशे. पण त्याहून मोठा बदल कराराच्या बारीक अक्षरात होता. छापील अंक आपण विकत घेत होतो, ऑनलाइन अंक भाड्यानं घेऊ लागलो. माझ्या ग्रंथालयात एका रसायनशास्त्राच्या जर्नलचे लाल रेक्झिनच्या बांधणीतले खंड आजही रॅकवर आहेत. एका वर्षी ते ऑनलाइन घेतलं, चार वर्षांनी अनुदान आटलं म्हणून बंद केलं. त्या चार वर्षांचं आज माझ्याकडे काय आहे? पावत्या. करारात मागील अंक कायम राहतील असं कलम घालून घ्यायला हवं होतं, ते मी वाचलं नाही. चूक माझीच.

यातून आपल्या शहरात एक विचित्र दृश्य तयार झालं. नीरी या केंद्रीय पर्यावरण-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञाला तिची मातृसंस्था सीएसआयआरच्या संघटित खरेदीमुळे जगातली जर्नलं टेबलावर मिळायची आणि काही किलोमीटरवरच्या महाविद्यालयातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करून म्हणायचा, तेवढी पीडीएफ पाठव ना. बाकीच्यांनी साय-हबचा, म्हणजे विकतचे लेख परवानगीविना फुकट देणाऱ्या साइटचा, रस्ता धरला. 2011 मध्ये सुरू झालेल्या त्या साइटवर 2020 च्या डिसेंबरात एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. कायद्याची बाजू न्यायालय बघेल. पण गर्दी एवढी का झाली, हेही विचारायला हवं.

सरकारनं त्यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, देशभरातल्या संस्थांची जर्नलांची वर्गणी सरकारनं एकत्र भरायची. 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नलं, 6,300 हून अधिक संस्था. व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राकडे. लाभार्थी सुमारे 1.8 कोटी धरलेत, म्हणजे माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये. एवढ्यात नीरीतला शास्त्रज्ञ आणि सरकारी महाविद्यालयातली एमएस्सीची मुलगी एकाच पानावर येत असतील तर मी या योजनेला नावं ठेवणार नाही. मात्र पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थाच आहेत. शिवाय हेही भाडंच आहे, फक्त घरमालकाशी आता देश मिळून बोलतो. आणि आपण वाचण्याचं भाडं ठरवत बसलो तोवर दुकानानं गल्ला दुसऱ्या दाराशी हलवला होता.

हे दुसरं दार म्हणजे लेखक. 2002 मध्ये बुडापेस्टहून एक जाहीरनामा निघाला: संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं. विचार सोन्यासारखा. पण वाचक पैसे देणार नसेल तर देणार कोण? बायोमेड सेंट्रल आणि प्लॉस या नव्या प्रकाशकांनी लेखकाकडून, म्हणजे खरं तर त्याच्या संशोधन-अनुदानातून, प्रक्रिया शुल्क घ्यायला सुरुवात केली. युरोप-अमेरिकेत अनुदानात त्याची तरतूद असते, तिथे ते चाललं. मोठ्या प्रकाशकांनी आधी नाकं मुरडली, नंतर तेच दुकान स्वतः उघडलं. ‘नेचर’नं 2021 पासून हा पर्याय दिला तेव्हा शुल्क होतं साडेनऊ हजार युरो. आजच्या भावानं नऊ-दहा लाख रुपये. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या मुलांना हा आकडा सांगून बघा. जर्मनीनं मग वाचन आणि प्रकाशन दोन्हींचे एकत्र करार केले, 2019 मध्ये वायलीशी, पुढे स्प्रिंगर नेचरशी, 2023 मध्ये एल्सेव्हियरशी.

आता तुमच्या दोन हजारांकडे येतो. वर्गणीवर चालणाऱ्या संपादकानं टाकाऊ लेख छापला तर वर्गणीदार तुटायची भीती असते. लेखामागे पैसे घेणाऱ्या संपादकानं लेख नाकारला की त्याच दिवशी गल्ल्यात दोन हजार कमी पडतात. तुम्ही सचोटीनं वागाल, मान्य. तुमच्यानंतरचा संपादक? मार्चअखेरीस छापखान्याचं बिल थकलं असताना तुम्ही स्वतः? मोठमोठे इथे घसरले. हिंदावी नावाची प्रकाशनसंस्था वायलीनं 2021 मध्ये जवळपास 30 कोटी डॉलरला घेतली. विशेषांकांचा रतीब सुरू होता, पाहुणे संपादक, भराभर लेख, भराभर शुल्क. त्यात बनावट लेख पुरवणाऱ्या टोळ्या शिरल्या. एकट्या 2023 मध्ये तिथले 8,000 हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले आणि वर्ष संपायच्या आत वायलीनं ते नावच बंद करायचं ठरवलं. आपल्या शेजारच्या हैदराबादची ओमिक्स घ्या. अमेरिकेच्या न्यायालयानं 2019 मध्ये तिला लेखकांच्या फसवणुकीपोटी पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली.

गल्लीतल्या आवृत्त्या तर तुमच्याही व्हॉट्सॲपवर येत असतील: ‘पेपर पाठवा, 48 तासांत स्वीकृती, प्रमाणपत्रासह 1,500 रुपये, कोणताही विषय चालेल.’ कोणताही विषय! वनस्पतिशास्त्र आणि संत जनाबाई एकाच अंकात, मागेपुढे. एका चर्चासत्रात मी एका आयोजकाला विचारलं, परीक्षक कोण? तो म्हणाला, सर, फी आली की आम्ही परीक्षणच समजतो.

हा बाजार उभा राहिला तो प्राध्यापकांना बढतीसाठी छापील लेखांवर मिळणाऱ्या गुणांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून एका झटक्यात 4,305 जर्नलं काढली, पुढे पुणे विद्यापीठाच्या मदतीनं दर्जेदार जर्नलांची ‘केअर’ यादी आणली. मराठीतली मोजकीच नियतकालिकं त्या यादीत असल्यामुळे त्यांच्या दारात लेखांची रांग लागली आणि काहींचा पाय त्या रांगेनंच घसरवला. 3 ऑक्टोबर 2024 ला आयोगाच्या बैठकीत केअर बंद करायचा निर्णय झाला. योगायोग असा की त्याच दिवशी मराठीला अभिजात दर्जाची मंजुरी मिळाली. केअरची सूचना जाहीर झाली फेब्रुवारी 2025 मध्ये. आता जर्नल चांगलं की वाईट हे संस्थांनीच निकष लावून ठरवायचं आहे. तुमच्यासारख्या जुन्या नावाला ही संधी आहे. ‘लेखकाकडून एक रुपयाही घेत नाही’ ही ओळ मुखपृष्ठाच्या आत छापता येणं ही आज मोठी मिळकत आहे.

मग पैसे आणायचे कुठून? आपल्याच राज्यात एकदा याचं उत्तर मिळालं होतं. मुंबईच्या मेडनो या छोट्या संस्थेनं वैद्यकीय जर्नलं वेबसाइटवर फुकट ठेवली, लेखकाकडून काही घेतलं नाही आणि छापील अंकाची वर्गणी चालू ठेवली. फुकट वाचायला मिळाल्यानं नाव पसरलं आणि छापील अंकालाही गिऱ्हाईक राहिलं. 2011 मध्ये वोल्टर्स क्लुवरनं ती संस्था घेतली हा पुढचा भाग. मराठीत छापील अंक तेवढा खपणार नाही हे मला कळतं. पण खर्चही तुम्ही समजता तेवढा नाही. ऑनलाइन अंकासाठी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे सॉफ्टवेअर 2001 पासून फुकट आहे. लेख स्वीकारणं, परीक्षकाकडे पाठवणं, अंक लावणं, सगळं त्यात होतं आणि गूगल स्कॉलरला हवी ती माहितीही ते आपोआप पुरवतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीहून फुकट मिळतो, फक्त छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे घ्या. डीओआयसाठी, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकासाठी, क्रॉसरेफ या संस्थेची वर्षाची दोन-तीनशे डॉलर वर्गणी आणि नव्या लेखामागे एक डॉलर. होस्टिंगचे काही हजार. सगळं मिळून तुमच्या छापील अंकाच्या एका खेपेइतकं बिल वर्षाचं होतं. तेवढी तुमची ठेव आजच्या व्याजातही देईल. मुक्तप्रवेशी, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांच्या जागतिक सूचीत, डीओएजेमध्ये, निम्म्याहून अधिक जर्नलं वाचक आणि लेखक दोघांकडूनही काही न घेता चालतात. संस्था खर्च उचलते. तुमची संस्था तो आजही उचलतेच आहे, फक्त कागदाच्या अंकासाठी.

छापील अंक बंद करू नका, साठ-सत्तर प्रती काढा. आता डिजिटल छपाईत तेवढ्या परवडतात.

खरं काम वेगळंच आहे आणि त्याची चर्चा कार्यकारिणीत कधी होत नाही. ते म्हणजे फॉन्ट. आम्ही 2009 चा अंक पीडीएफ करून वेबसाइटवर टाकला, झोकात उद्घाटन केलं, पेढे वाटले. वर्षभरानं एक संशोधक मुलगी आली. म्हणाली, सर, चांदा जिल्ह्याच्या जमीन बंदोबस्तावर तुमच्याकडे काही आहे का, शोधून सापडत नाही. माझ्यासमोर तिनं ‘चांदा’ टाइप केलं. काहीच आलं नाही. लेखाच्या शीर्षकातला पहिलाच शब्द चांदा होता! मग मी ते शीर्षक कॉपी करून नोटपॅडवर चिकटवलं, तर रोमन अक्षरं, डॉलर, कंस आणि टिंबं यांची खिचडी. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत असंच असतं. डोळ्याला ‘चांदा’ दिसतं, संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हांची ओळ असते, वरून मराठी मुखवटा. गूगलला ती दिसत नाही, वाङ्मयचौर्य पकडणारं सॉफ्टवेअर तिच्यापुढे आंधळं, अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती वाचताना इंग्रजीत बडबडतो. म्हणजे आम्ही अंक ऑनलाइन केला नव्हता, अंकाचे फोटो भिंतीला लावले होते.

छापखान्यांचा यात फार दोष नाही. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर कुठल्याही संगणकाला मराठीच म्हणून कळेल अशी पद्धत, कळत नाही आणि आपल्याकडचे कितीतरी छापखाने वर्षानुवर्षं पेजमेकरवरच जगले. पण तुम्ही लेखकाकडून युनिकोडमध्येच लेख घ्या आणि अंतिम मजकूर युनिकोडमध्येच परत मागा, करारात लिहून. जुने अंक बदलायला कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, तळटीपांतले आकडे गायब होतात. पान न पान वाचावं लागतं. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक रोज दुपारी चार ते सहा येऊन बसायचे, लाल पेन घेऊन. अकरा वर्षांचे अंक त्यांनी दोन वर्षांत उतरवले. मानधन म्हणून चहा घ्यायचे, तोही बिनसाखरेचा.

जुने अंक चढवण्याआधी हक्काचं बघा. तुमच्या संस्थेनं लेखकांशी कधी करार केला नसेल, तर लेखाचे हक्क लेखकाचेच, आणि भारतात ते मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतात. हयात लेखकांना पत्रं पाठवा, बाकीच्यांसाठी वारसांना गाठा. विदर्भातली लिहिती घराणी किती, चार फोनांत पत्ता लागतो. नव्या लेखांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे लेख कुणी कसा वापरायचा हे आधीच सांगणारा, तयार परवाना लावा. इथे एक नवा फाटा फुटला आहे. मोठ्या प्रकाशकांना आता लेखांचा साठा एआय कंपन्यांना विकायचं नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीनं 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला, सुरुवातीची रक्कम एक कोटी डॉलर. बऱ्याच लेखकांना ते बातमीतून कळलं. तुमच्या अंकाला असं गिऱ्हाईक उद्या येईल असं नाही, पण परवाना ठरवताना व्यापारी वापराला मुभा द्यायची की नाही हे लेखकांना विचारून ठरवा. मी स्वतः मुभा देण्याच्या बाजूचा आहे. मराठी मजकूर आधीच थोडा, तोही कुलुपात ठेवला तर उद्याच्या यंत्रांना मराठी येणार कुठून? तुमच्या कार्यकारिणीत हे पटणार नाही, याचीही मला कल्पना आहे.

राहिलं टिकण्याचं. 2000 ते 2019 या काळात जगातली 174 मुक्तप्रवेशी जर्नलं इंटरनेटवरून साफ नाहीशी झाली, असं एका अभ्यासात सापडलं. कारणं मोठी नसतात. आमची वेबसाइट एका हुशार विद्यार्थ्यानं हौसेनं करून दिली होती. डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, तो ईमेल त्यानं सोडला, नूतनीकरणाच्या सूचना तिथेच येऊन पडल्या. एका सकाळी आमचे एक जुने सभासद फोनवर म्हणाले, अहो, तुमच्या अंकात रमीची जाहिरात कधीपासून घ्यायला लागलात? उघडून बघितलं तर आमच्या पत्त्यावर पत्त्यांचा क्लब भरला होता. मुख्याध्यापकांनी लाल पेनानं तपासलेल्या फाइली माझ्याकडे दोन हार्डडिस्कवर होत्या म्हणून वाचलो.

तेव्हा डोमेन संस्थेच्या नावावर, दहा वर्षांचं एकदम घ्या. पासवर्ड पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवा, एक प्रत सचिवांकडे. ओपन जर्नल सिस्टिम्सवाल्यांचं स्वतःचं जतन-जाळं आहे, अटी पाळल्या तर फुकट, त्यात पहिल्याच अंकापासून नाव घाला. आणि दर अंकाच्या फाइली विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पेनड्राइव्हवर नेऊन द्या, पोचपावती घेऊन. पोचपावती मागायला विसरू नका, तिथले लोक हसतील, पण देतात.